मूल गेल्यावर 'देवाची इच्छा' म्हणावं का?

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. सात वर्षांचा मुलगा, रक्ताचा कर्करोग, दीड वर्ष केमो, मधले काही महिने शाळेत जाण्याइतका बरा, मग आजार उलटला आणि दोन महिन्यांत सगळं संपलं. माती दिल्याच्या दिवसापासून लोकांनी ऐकवलेली तीन वाक्यं तुम्ही लिहिली आहेत. चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं, 'देवाची इच्छा होती.' प्रार्थनागटातले एक बंधू म्हणाले, 'कुठंतरी विश्वास कमी पडला.' शेजारच्या काकूंनी मागच्या जन्माचं काढलं. आणि शेवटी तुमचा प्रश्न: देव प्रेमळ आहे आणि सर्वसमर्थही आहे असं आपण दर रविवारी म्हणतो, मग माझ्या मुलाच्या वेळी यातलं कोणतं खोटं होतं?

मी अठ्ठावीस वर्षं मिशनच्या रुग्णालयात पाळक होतो. त्यातली बरीच वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली. तुमच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचून फसवल्यासारखं वाटायला नको. पण त्या तीन वाक्यांबद्दल मला बरंच सांगायचंय. ती तुमच्या मनात जितके दिवस राहतील तितके दिवस जखम भरणार नाही.

सगळ्यात आधी 'विश्वास कमी पडला', कारण यानं सर्वांत जास्त नुकसान होतं. आईनं मुलासाठी उपास केले, रात्र रात्र गुडघ्यावर काढली, आणि मूल गेल्यावर तिला सांगायचं की तुझ्यातच खोट होती! मार्कच्या शुभवर्तमानात एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन येशूकडे येतो. तुमच्याने काही होत असेल तर करा, असं म्हणतो. म्हणजे त्याला खात्रीही नाही. पुढे तो रडकुंडीला येऊन सांगतो की विश्वास आहे, पण अविश्वासही आहे, त्यालाच मदत करा. त्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासाच्या बापाचा मुलगा बरा झाला. उलट प्रेषित पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीन वेळा विनवणी केली, तो काटा गेला नाही. आणि गेथशेमाने बागेत खुद्द प्रभूने हा प्याला टळू दे म्हणून प्रार्थना केली, तो टळला नाही. मागितलेलं मिळालं नाही म्हणजे विश्वास कमी, हा नियम धरला तर तो येशूलाही लावावा लागेल. त्या बंधूंना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. ते काम तुमच्या पाळकांचं आहे, तुमचं नाही.

काकूंवर रागावू नका. त्यांनी विचारलं तेच येशूच्या शिष्यांनीही विचारलं होतं. जन्मापासून आंधळा माणूस दिसला तेव्हा ते म्हणाले, 'गुरुजी, पाप कुणाचं? याचं की याच्या आईबापांचं?' येशूने दोन्ही नाकारलं. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले होते, तेव्हाही त्याने तेच केलं: ते अठरा जण यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का, असं विचारून स्वतःच 'नाही' म्हणून सांगितलं. ख्रिस्ती माणसाला या बाबतीत पळवाट नाही. कुणाच्या दुःखावर बोट ठेवून त्याच्या पापाचा हिशोब मांडायला आपल्याला मनाई आहे.

आंधळ्याच्या गोष्टीतलं पुढचं वाक्य मात्र अवघड आहे, तेही टाळत नाही. देवाची कार्यं त्याच्या ठायी दिसावीत म्हणून हे झालं, असं येशू म्हणतो. देवाने कार्य दाखवायचं म्हणून एका बाळाला जन्मतः आंधळं केलं, असा अर्थ काही उपदेशक काढतात. मी तसा काढत नाही. पुढे काय घडतं ते पाहा. येशू त्या माणसाला आंधळेपणाचं कारण सांगत बसत नाही. मातीत थुंकतो, चिखल करतो, डोळ्यांना लावतो. शिष्यांची नजर मागे, कारणाकडे लागलेली आहे. येशूचे हात आता काय करायचं त्यात गुंतले आहेत.

आता 'देवाची इच्छा'. हे वाक्य वेगळ्या शब्दांत मीही म्हटलेलं आहे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पाच वर्षांची एक मुलगी मेंदूज्वराने गेली. बाहेर बाकावर तिचा बाप बसला होता, ऊसतोडीला आलेला. काय बोलावं सुचेना, म्हणून मी म्हणालो, 'देवाला सुंदर फुलं आवडतात, म्हणून तो लवकर खुडतो.' त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'साहेब, त्याच्या बागेत फुलं नाहीत का?' मला उत्तर देता आलं नाही. पुढे कधीही मी ते वाक्य उच्चारलं नाही. त्या बापाची माफी मागायची राहून गेली, तो दुसऱ्या दिवशी फडावर परत गेला.

आपण रोज प्रभूची प्रार्थना म्हणतो, त्यात मागतो की स्वर्गात होतं तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. इथे जे जे घडतं ते सगळं आधीच त्याच्या इच्छेप्रमाणे असेल, तर हे मागायचं कशाला? शिवाय पौल करिंथकरांना लिहिताना मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. शत्रू, ताई. देवाचा नोकर नाही, देवाने पाठवलेला माळी नाही. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला. थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे ठाऊक असूनही रडला. देवाची इच्छाच तशी होती, असं मानणारा असा रडला नसता.

तुमच्या मंडळीतले ते वडील मनाने वाईट नसावेत. देवाच्या हुकुमाबाहेर काहीच घडत नाही, असं मानणारी ख्रिस्ती परंपरा जुनी आहे, सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनने ती ठामपणे मांडली. देव घडवतो आणि देव घडू देतो यात फरक करणारी दुसरी परंपरा आहे, मी त्या बाजूचा. पण 'घडू दिलं' म्हटल्यावर तुम्ही लगेच विचाराल, का घडू दिलं? तो प्रश्न माझ्याही बाजूला तसाच उभा राहतो.

शहाण्या माणसांनी याला उत्तरं दिली आहेत, ती थोडक्यात सांगतो, कारण कुणीतरी तुमच्या हातात पुस्तक देईलच. तुमचा प्रश्न ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावावर शतकानुशतकं सांगितला जातो: देवाला वाईट थांबवायचंय पण जमत नाही, की जमतं पण थांबवायचं नाही? ऑगस्टीनने, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकात, सांगितलं की वाईट ही वेगळी वस्तूच नाही, अंधार म्हणजे जसा उजेडाचा अभाव तसा तो चांगल्याचा अभाव आहे. आणि ते आलं माणसाला दिलेल्या स्वातंत्र्यातून. हे उत्तर खून, दंगल, छळ यांच्यापुरतं मला पटतं. प्रीती करायला मोकळा असलेला माणूस द्वेष करायलाही मोकळा असतो. पण रक्ताच्या पेशींना कसलं स्वातंत्र्य? १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बनला भूकंप झाला. सर्व संतांचा सण होता, लोक चर्चमध्ये होते, छतं त्यांच्यावरच कोसळली. युरोपातल्या विचारवंतांची झोप त्या सकाळने उडवली. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला तेच झालं. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते, दगडमातीची घरं अंगावर आली, हजारो माणसं गेली. लिस्बनच्या भक्तांनी काय केलं होतं? किल्लारीच्या भक्तांनी काय केलं होतं?

यावर म्हणतात की नियमांनी चालणारी सृष्टी हवी असेल तर नियमांचे फटकेही आले. पेशींच्या ज्या विभाजनाने तुमचा मुलगा तीन किलोचा वीस किलो झाला, त्याच विभाजनात एक चूक झाली आणि ती चूक वाढत गेली. हे खरं आहे. डॉक्टरही असंच सांगतील, आणि त्यात एक दिलासाही आहे: कुणी त्याला निवडून मारलं नाही. पण कसं झालं याचं हे उत्तर आहे, त्यालाच का याचं नाही. आणखी एक मत आहे, दुसऱ्या शतकातल्या आयरेनियसपासून चालत आलेलं, की हे जग म्हणजे आत्मा घडवण्याची जागा आहे आणि दुःखाने माणूस पक्का होतो. दुःखाने पक्की झालेली माणसं मी पाहिली आहेत. मोडून पडलेलीही पाहिली आहेत. आणि आईबाप पक्के व्हावेत म्हणून मुलाने मरायचं, हा व्यवहार मला देवाच्या नावावर लिहिता येत नाही.

म्हणून मी लोकांना बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकाकडे नेतो. पण लोकांना माहीत असतो तो ईयोब फक्त पहिल्या दोन अध्यायांतला: सगळं गेलं तरी देवाला धन्यवाद देणारा. पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. तिसऱ्या अध्यायात तो तोंड उघडतो ते आपल्या जन्मदिवसाला शाप द्यायला, आणि नंतर थांबत नाही. देवाला कोर्टात खेचायची भाषा करतो. त्याचे तीन मित्र, एलीफज, बिल्दद आणि सोफर, सुरुवातीला फार चांगले वागले. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मग बोलू लागले आणि बिघडलं. त्यांचं बोलणं तुम्ही ऐकलेलंच आहे: काहीतरी पाप असेल, देव अन्याय करत नाही, पश्चात्ताप कर. वाक्यं ऐकायला धार्मिक आहेत. कुठल्याही व्यासपीठावरून शोभतील.

आणि शेवटी देव काय म्हणतो? एलीफजाला सांगतो की माझा राग तुझ्यावर आणि तुझ्या दोन मित्रांवर भडकलाय, कारण माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा योग्य ठरला. ही ओळ मी पहिल्यांदा नीट वाचली तेव्हा वॉर्डात बोललेली माझी किती वाक्यं त्या तिघांची होती, ते मोजत बसलो.

आणखी एक गोष्ट त्या पुस्तकात आहे. ईयोबाची परीक्षा घेण्याबद्दल स्वर्गात देवाचं सैतानाशी झालेलं बोलणं ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. वाचकाला कळतं, त्याला नाही. वादळातून देव बोलतो तेव्हाही कारण सांगत नाही. समुद्र, तारे, रानबकऱ्या, मगरीसारखं अक्राळविक्राळ जनावर दाखवतो. काहींना हे उत्तर निष्ठुर वाटतं, एकेकाळी मलाही वाटायचं. आता वाटतं की ईयोबाला जे हवं होतं ते त्याला मिळालं: समोरासमोर भेट. त्याची तक्रार कारण कळत नाही याहून जास्त ही होती की देव लपून बसलाय.

आणि शेवटचा हिशोब बघा. सात हजार मेंढरं गेली, चौदा हजार मिळाली. तीन हजार उंट गेले, सहा हजार मिळाले. मुलं मात्र सात मुलगे आणि तीन मुली गेली, आणि पुन्हा सात मुलगे आणि तीन मुलीच झाली. दुप्पट नाहीत. हे का, यावर जुन्या वाचकांनी एक अर्थ लावलाय, तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो: उंट गेले ते गेलेच, पण आधीची दहा मुलं ईयोबाची राहिलीच. ती मोजणीतून कधी बाहेर पडली नाहीत. 'अजून वय आहे, दुसरं होईल' असं तुम्हाला कुणी म्हटलं असेल, किंवा म्हणेल, तर हे लक्षात असू द्या.

दोन वचनं लोक तुमच्यावर फेकतील. एक, देव झेपेल तेवढंच दुःख देतो. असं वचन नाही. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात शक्तीपलीकडे परीक्षा होऊ देणार नाही असं आहे, पण पौल तिथे अरण्यातल्या इस्राएलाच्या मूर्तिपूजेबद्दल, मोहात पडण्याबद्दल बोलतोय, मुलाच्या मरणाबद्दल नाही. तोच पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशियात आमच्यावर शक्तीपलीकडचं ओझं आलं, जगण्याची आशाच सुटली. दुसरं, सगळ्या गोष्टी मिळून कल्याणासाठी होतात, रोमकरांस आठवा अध्याय. त्याच अध्यायात थोडं वर पाहा: सगळी सृष्टी प्रसूतीच्या वेदनेत कण्हते आहे, आपण कण्हतो आहोत, आणि आपल्याला प्रार्थना सुचत नाही तेव्हा आत्मा शब्दांवाचून कण्हत आपल्यासाठी विनवतो. ते कण्हणं वगळून कल्याणाचं वचन सांगायचा अधिकार कुणालाही नाही.

प्रार्थना करता येत नाही, तोंड उघडलं की राग येतो, असं तुम्ही लिहिलंत. मग राग सांगा. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रं हेच करतात. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा विचारलंय, कुठवर? अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलंय. आपल्या मराठी माणसाला हे परकं वाटायचं कारणच नाही. जनाबाईने विठ्ठलाला शिव्या घातल्या. दुष्काळात बायको आणि मुलगा गमावलेल्या तुकोबांनी विठोबाशी केलेली भांडणं आपण भजनात म्हणतो. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक म्हणायचे की मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावरून येताना आपण भक्ती आणली, भांडण मात्र पलीकडेच ठेवून आलो, असं मला मंडळीत वावरताना अनेकदा वाटतं.

वधस्तंभावर येशूने बाविसावं स्तोत्र म्हटलं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस म्हणून. माझा विश्वास टिकला असेल तर या एका आरोळीवर टिकलाय. 'का' हा तुमचा शब्द देवाच्या पुत्राच्या तोंडी आहे, आणि त्यालाही त्या दुपारी वरून उत्तर आलं नाही. तुमच्या मुलाच्या खाटेपाशी देव कुठे होता असं विचाराल, तर सुया टोचलेल्या त्या हातापाशी होता, असं मी मानतो. मला ते सिद्ध करता येत नाही. तिसऱ्या दिवसावरही माझा विश्वास आहे. उठलेल्या प्रभूने शंका घेणाऱ्या शिष्याला, थोमाला, हात दाखवले तेव्हा खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, पुनरुत्थानाने त्या पुसल्या नाहीत. तुमचं दुःखही पुसलं जावं, अशी अपेक्षा कुणी तुमच्याकडून करू नये.

पंडिता रमाबाईंबद्दल मला नेहमी वाटतं की त्यांना हा प्रश्न विचारायचा सगळ्यांत जास्त हक्क होता. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ गेला. १८८२मध्ये पती पटकीने गेले, पदरात तान्ही मुलगी मनोरमा. पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण म्हणून दुःख थांबलं असं नाही. १९२१मध्ये मनोरमाही त्यांच्या आधीच गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. १८९६मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यांना ठेवायला केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. उपाशी मुलीच्या पोटात काय होतं ते त्यांना पाठ होतं. तुम्हीही काही उभारावं म्हणून हे सांगत नाही. तुम्ही आत्ता फक्त जेवलात आणि झोपलात तरी पुष्कळ आहे.

आता घरातल्या गोष्टी. तुमची दहा वर्षांची मुलगी रात्री झोपायला घाबरते असं लिहिलंत. आपल्या लोकांत 'प्रभूमध्ये निजला' म्हणायची पद्धत आहे, दगडावरही तेच कोरतो. मोठ्यांना ते गोड वाटतं, पण लहान मूल शब्दशः घेतं: भाऊ निजला आणि उठलाच नाही. तिला सरळ सांगा की तो मेला, त्याचं शरीर आजाराने बंद पडलं, झोपेने नाही. आणि ती विचारणार नाही, म्हणून तुम्हीच सांगा, की तुझ्या कुठल्याही भांडणामुळे किंवा बोलण्यामुळे हे झालं नाही. भावंडांच्या मनात ही भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात पाहिली.

तुमचे मिस्टर बोलत नाहीत, कामावरून उशिरा येतात. त्याचा अर्थ त्यांना कमी दुःख आहे असा घेऊ नका. वॉर्डातले बाप जिन्यात रडायचे, बायकोसमोर नाही. बोला म्हणून मागे लागू नका. मुलाची शाळेची बॅग कुठे ठेवायची, एवढं एक दोघांनी मिळून ठरवा.

आठवडे उलटले तरी झोप नसेल, अन्न जात नसेल, मरून जावंसं वाटत असेल तर डॉक्टरांकडे जा, लगेच जा. औषध घेणं म्हणजे विश्वास सोडणं नाही. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला घातलं.

चर्चला जावंसं वाटलं तर मागच्या बाकावर बसा. गायलं नाही तरी चालेल, बाकीचे गातात. प्रभुभोजनाला पुढे यावंसं वाटलं नाही तर बसून राहा. कुणी ते जुनं वाक्य घेऊन आलं तर उत्तर द्यायची जबाबदारी तुमच्यावर नाही, उठून बाहेर या.

पत्रात तुम्ही त्याचं वय लिहिलंत, कितवीत होता ते लिहिलंत, पांढऱ्या पेशींचे आकडेसुद्धा लिहिलेत. नाव लिहिलेलं नाही. हात वळला नसेल, समजतं. जमेल तेव्हा कळवा. सकाळच्या प्रार्थनेत 'ताईंचा मुलगा' असं म्हणण्यापेक्षा मला त्याला त्याच्या नावाने आठवायचंय.